सावरगावची घोडी

गोटमारीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पांढुर्ण्याच्या स्थानकावर उतरलो. नागपूरहून इटारसीकडे जाणारी आगगाडी काटोल, नरखेड ही गावे मागे टाकून महाराष्ट्राची हद्द ओलांडते. पण ती ओलांडल्याचे प्रवाशास कळतही नाही. तीच काळी माती, तेच संत्र्यांचे बगीचे, आणि फलाटावर कानी पडते ती मराठीच. १९५६ पूर्वी हा सारा मुलूख एकाच प्रांतात होता व त्याची राजधानी नागपूर होती. पुढे राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली त्या जिल्ह्यातून पांढुर्णा व सौंसर हे तालुके वेगळे काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा करण्यात आला. इतक्या घडामोडी झाल्या, तरी येथील घरांत आईने मुलास हाक मारण्याची बोली काही बदललेली नाही.

आमचे जाणे मात्र देशदर्शनासाठी नव्हते. आमच्या धर्मग्रामातील धर्मशिक्षक, ज्यांना लहानथोर सारे ‘मास्तर’ म्हणतात, ते मूळचे सावरगावचे. त्यांचे थोरले बंधू अजून तेथेच राहतात. ते ख्रिस्ती नाहीत; पण दोघा भावांत धर्मावरून कधी अंतर पडलेले आम्ही पाहिले नाही. थोरल्यांचा पिढीजात धंदा लग्नाच्या वरातीस घोडी देण्याचा. वर्षापूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवे अंग लुळे पडले, जीभ जड झाली. नागपूरच्या दवाखान्यासाठी नातलगांकडून घेतलेले ४०,००० रुपये अजून फिटायचे होते. मुलाने मोबाइल दुरुस्तीचे दुकान काढले असून त्याला घोडीचे खरारे करण्यात गोडी नाही. तेव्हा घोडी विकायची असे ठरले. “फादर, तुम्ही बरोबर चला,” मास्तर आम्हांस म्हणाले, “तुम्ही बसलेले असलात की कोणी दादाला फसवणार नाही.” आमच्या पांढऱ्या झग्यात एवढे सामर्थ्य असल्याचे आम्हांस ठाऊक नव्हते, पण मनाला ते बरे वाटले, हे कबूल करतो.

गाडीत नरखेड मागे पडल्यावर मास्तरांनी दुसरी गोष्ट सांगितली. घोडीत एक खोड होती. गेल्या वैशाखात एका वरातीत कोणी पोराने फटाक्यांची लड तिच्या पायांत टाकली. तेव्हापासून मोठा आवाज झाला की ती बुजते. दोन पायांवर उभी राहते व वाट फुटेल तिकडे पळते. एकदा तर नवरदेव खाली पडला होता. सुदैवाने त्याला फेट्याने वाचविले. पुढे आषाढी एकादशी आली, लग्ने थांबली, आणि गोष्ट चार घरांपलीकडे गेली नाही. “हे घेणाऱ्याला सांगावे लागेल, मास्तर,” आम्ही म्हणालो. “होय, फादर,” ते म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधून जाम नदी वाहते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे इतरत्र लाकडी बैलांचा तान्हा पोळा भरतो त्याच दिवशी, येथे गोटमार होते. सावरगावचे लोक रानातून पळसाचे झाड तोडून आणतात व नदीच्या मध्यभागी रोवून त्यावर निशाण बांधतात. पांढुर्ण्याचे लोक ते पाडून नेण्याची शिकस्त करतात. आणि दोन्ही काठांवरून दिवसभर दगडांचा वर्षाव होतो. शेवटी ते झाड चंडीमातेच्या देवळात अर्पण केले जाते. दंतकथा अशी की, पांढुर्ण्याचा एक तरुण सावरगावची मुलगी घेऊन नदी ओलांडत असता दोन्ही गावांनी त्यांच्यावर दगड उचलले. दरवर्षी जखमींची गणती शेकड्यांत होते, आणि आजवर माणसे दगावलीही आहेत. प्रशासनाने एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांनी चेंडू बाजूला ठेवले आणि दगडच उचलले. आम्ही पुलावरून गेलो तेव्हा नदीपात्रात कालचे दगड पसरलेले होते, आणि एक आजीबाई त्यांतूनच धुणे धुण्यापुरता एक सपाट दगड निवडून घेत होत्या. कपाळाला पट्टी बांधलेला एक तरुण पांढुर्ण्याकडून सायकलवर येत होता. मास्तरांना पाहून तो उतरला, पाया पडला व म्हणाला, “काका, घोडी इकता म्हणे?” बातमी आमच्या आधी पूल ओलांडून गेली होती.

विकणाऱ्याची निकड बाजाराला आधी कळते, आणि मग बाजार घाई करीत नाही. त्यातून हा काळच मंद. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मास. तुळशीचे लग्न लागेपर्यंत माणसांची लग्ने नाहीत. वरातीची घोडी या चार महिन्यांत एक पैसा मिळवीत नाही, परंतु खाते मात्र पूर्वीइतकेच. हरभरा, गव्हाचा कोंडा, हिरवे गवत, कुटार. नालबंदाची मजुरी वेगळी. म्हणून भाद्रपदात घोडी विकायला काढणारा मनुष्य अडलेलाच असणार, हे घेणाऱ्यास न सांगता समजते. आपल्याकडे घोड्यांचे खरे बाजार भरतात ते मार्गशीर्षात. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्यास एकमुखी दत्ताची यात्रा दत्तजयंतीस सुरू होते. देशभरचे व्यापारी तेथे मारवाडी, काठेवाडी जनावरे घेऊन उतरतात. नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्षाच्या अखेरीस भरते; तेथे घोड्यांबरोबर गाढवे आणि उंटही विकले जातात. थोरल्यांनी तीन महिने थांबून घोडी सारंगखेड्यास नेली असती तर चार गिऱ्हाइके भेटली असती. पण सारंगखेडा सावरगावाहून चारशे किलोमीटरांहून अधिक दूर. टेंपोचे भाडे, पशुवैद्याचा दाखला, तेथील आठवडाभराचा मुक्काम, आणि बरोबर जाणार कोण?

शिवाय घोड्याचे दिवसच आता उतरले आहेत. २०१२ च्या पशुगणनेत भारतात सव्वासहा लाख घोडे व तट्टे होती. २०१९ च्या गणनेत ती सुमारे ३ लाख ४० हजार उरली. सात वर्षांत जवळजवळ निम्मी गेली. शहरांतून टांगे गेले. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्या उच्च न्यायालयाने २०१५ साली बेकायदा ठरविल्या, तेव्हा शेकडो घोडेवाल्यांपुढे हाच प्रश्न उभा राहिला की, जनावर आता घेणार कोण? पूर्वी मिशनांतील धर्मगुरूही घोड्यावरून खेडोपाडी मिस्सेला जात. आमच्या धर्मग्रामाच्या जुन्या जमाखर्चात हरभऱ्याचा खर्च लिहिलेला आम्ही स्वतः पाहिला आहे. आज आम्ही मोटारसायकलवर जातो. गरीब कुटुंबाच्या दारात घोडा टिकून आहे तो मुख्यतः वरातीमुळे, आणि त्या वरातीतही आता घोडीपेक्षा ध्वनिक्षेपकांचा ट्रक पुढे असतो.

घर नदीपासून फार लांब नव्हते. अंगणात निंबाखाली घोडी बांधलेली होती. रंगाने कुमैत, कपाळावर पांढरा टिळा, चारही पाय पांढरे. म्हणजे जिला जाणकार पंचकल्याणी म्हणतात तशी. मारवाडी रक्ताची खूण म्हणून कानांची टोके आत वळून एकमेकांस भिडत होती. आम्ही जवळ गेलो तशी तिने मान लांब करून आमच्या झग्याची बाही हुंगली. थोरले बंधू ओसरीवर खाटेवर बसले होते. डावा हात कपाळाशी नेऊन त्यांनी आम्हांस नमस्कार केला आणि काही बोलले. आम्हांस काहीच उमगले नाही. वहिनींनी सांगितले, “म्हणतात, फादर, कालचा लाडू हाये, खाऊन घ्या जी.” त्यांची भाषा आता घरात वहिनी आणि मास्तर या दोघांनाच नीट कळत होती. दिवसभर तेथे बसल्यावर दुपारपर्यंत आम्हांसही ती बरीच कळू लागली. पुढे जे घडले त्यासाठी हे सांगून ठेवणे भाग आहे.

पहिला आला तो हेडी. वयस्क, खांद्यावर मळका दुपट्टा, तोंडात सुपारी. त्याने घोडीकडे पाहिलेच नाही. प्रथम पावसावर बोलला, मग संत्र्याच्या आंबिया बहाराची फळगळ झाली त्यावर, मग कालच्या गोटमारीत कोणाचे डोके फुटले त्यावर. अर्ध्या तासाने सहज उठल्यासारखा उठून घोडीजवळ गेला, खालचा ओठ उलटून दात पाहिले. घोड्याच्या खालच्या पुढच्या दातांतील खळगे वयाच्या आठव्या वर्षापर्यंत झिजून जातात. त्यानंतरचे वय केवळ अंदाजाने सांगायचे. “बारा तेरा,” तो म्हणाला. ती नवाची होती. मग त्याने अंगावरचे भोवरे पाहिले, गळ्याशी देवमण आहे का ते चाचपले, मागे सरून मान हलविली. पाय उचलून खूर पाहिला, पुन्हा मान हलविली. विकत घेताना वाईट, वाईट म्हणणारा आणि घरी गेल्यावर सौद्याची फुशारकी मारणारा ग्राहक शलमोनाच्या नीतिसूत्रांतही भेटतो; तीन हजार वर्षांत त्याची सुपारीसुद्धा बदलली नसेल असे आम्हांस वाटले. शेवटी त्याने दुपट्टा आमच्याच हातावर टाकला आणि खालून आमची बोटे दाबली. गुरांच्या बाजारात दलाल असाच भाव करतात, म्हणजे चौघांत आकडा फुटत नाही. आम्हांस ती लिपी येत नसल्याने आम्ही केवळ सौजन्य म्हणून त्याची बोटे परत दाबली. हेडी चमकला. मास्तरांनी घाईने दुपट्टा आपल्याकडे ओढून घेतला. मागाहून कळले की त्याने २४,००० सांगितले होते आणि आम्ही त्यावर ज्या आकड्याची बोटे दाबली तो कोणत्याच हिशेबात बसत नव्हता. “पाहा बाप्पा, आठ दिवसांनी येतो,” असे म्हणून तो गेला. आठ दिवस थांबण्याने त्याचे काही बिघडणार नव्हते; या घरात मात्र तोवर अर्धे पोते हरभरा संपणार होता.

दुपारी सौंसरकडचा एक बँडवाला आला. हा निराळा माणूस. चाळिशीचा, सरळ बोलणारा. त्याची स्वतःची घोडी मेली होती आणि तुळशीच्या लग्नानंतरची वरातींची बोलणी त्याने घेऊन ठेवली होती. त्याने घोडी फिरवून पाहिली, अंगणात चालविली, पाठीवर आपला मुलगा बसवून पाहिला. घोडी मेंढरासारखी शांत. त्या अंगणात कावळ्याखेरीज आवाज तरी कसला होता? त्याने उघडपणे ५२,००० म्हटले. वहिनींनी पदर तोंडाशी धरला. मास्तरांनी आमच्याकडे पाहिले आणि लगेच खाली पाहिले.

आता बोलण्याची पाळी आमची होती. आम्ही सेमिनरीत नीतिशास्त्र शिकलो आहोत. संत थोमस अक्वीनास यांच्या ‘सुम्मा’ ग्रंथात खरेदी-विक्रीतील लबाडीवर एक संपूर्ण प्रश्न आहे, दुसऱ्या भागाच्या उत्तरार्धातील सत्त्याहत्तरावा, आणि गंमत अशी की १२७४ साली निवर्तलेल्या त्या महापंडिताला उदाहरणासाठी घोडाच सुचला. घोडा एकाक्ष असला तर दोष उघड दिसतो; किंमत त्या मानाने कमी घेतली की तोंडाने सांगण्याची जरूर नाही. पण दोष लपलेला असेल आणि त्यापासून घेणाऱ्यास नुकसान किंवा धोका असेल, जसे लंगडा घोडा वेगवान म्हणून विकणे, तर तो सांगितलाच पाहिजे. हे सारे आम्हांस त्या क्षणी लख्ख आठवत होते. आणि दुर्दैव असे की त्याच ठिकाणची दुसरी गोष्टही आठवली: विकणाऱ्याने दवंडी पिटून आपल्या मालाचा दोष पुकारावा असे बंधन नाही, कारण मग कोणी गिऱ्हाईक मालाच्या गुणांकडे पाहायलाच येणार नाही. जो घ्यायला येईल त्याला खासगीत सांगावे. ठीक आहे, आम्ही मनाशी म्हणालो, अजून इसार कोठे दिला आहे? इसार देऊ लागला की सांगू. आधी त्याचे मन घोडीवर बसू दे. शिवाय तोच संत असेही सांगतो की, खऱ्या मोलापेक्षा कमी देणारा ग्राहकही अन्याय करतो. मग सकाळच्या हेड्याने या आजारी माणसावर जो अन्याय चालविला होता, त्याची थोडी भरपाई...

बँडवाल्याने खिशातून ५०० च्या नोटा काढल्या आणि इसाराच्या मोजू लागला. आम्ही चहाच्या कपाकडे पाहत होतो.

तेव्हा खाटेवरून थोरले बोलले. शब्द जड, ओले, एकमेकांत मिसळलेले. बँडवाल्याने वहिनींकडे पाहिले. वहिनी बोलल्या नाहीत. त्याने मास्तरांकडे पाहिले. मास्तरही बोलले नाहीत. थोरल्यांनी पुन्हा तेच म्हटले, या वेळी मोठ्याने, आणि डाव्या हाताने घोडी उधळल्याची खूण केली. बँडवाल्यास अजूनही अर्थ लागला नव्हता. आम्हांस मात्र पहिल्याच वेळी लागला होता. “बुजते,” ते म्हणत होते, “आवाजाले बुजते. पोरगा पाडला व्हता.” तिसऱ्यांदा बोलताना त्यांच्या कपाळावर घाम आला, आणि मग, इतका उशीर झाल्यावर, आम्ही त्यांचे शब्द त्या गृहस्थास सांगितले.

त्याने नोटा मुठीत तशाच धरल्या. “फादर, तुमाले ठाऊक होतं का जी?”

“होय,” आम्ही म्हणालो.

तो आणखी काही बोलला असता तर आम्हांस हलके वाटले असते. तो काहीच बोलला नाही. नोटा खिशात घातल्या, थोरल्यांना नमस्कार केला, मुलाला मोटारसायकलवर बसविले आणि निघून गेला. अंगणात बराच वेळ कोणी बोलले नाही. वहिनी घोडीपुढे गवत टाकावयास गेल्या, आणि आम्ही मास्तरांच्या दादांच्या खाटेजवळ जाऊन बसलो. आमच्या आयुष्यात आम्ही पुष्कळांची पापकबुली ऐकली आहे. त्या दुपारी आम्ही एका अख्रिस्ती मनुष्यापाशी, संस्काराविना, चार वाक्यांत आपली सांगितली. त्यांनी डाव्या हाताने आमचा हात थोपटला आणि वहिनींना काही म्हणाले. वहिनींनी ते आम्हांस सांगितले नाही; पण आम्हांस समजले होते. फादरला चहा गरम करून दे, असे ते म्हणाले होते.

संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास मोटारसायकल पुन्हा दारात थांबली. बँडवाला या वेळी एकटा होता. त्याने आमच्याकडे पाहिले नाही. सरळ खाटेपाशी उकिडवा बसला. त्याच्या मेहुण्याचा संत्र्याचा बगीचा गावापासून दूर होता. तेथे ना बँड, ना फटाका. घोडी पंचकल्याणी होती. तिला चांगला घोडा दाखविला तर शिंगरू उतरेल, आणि ते शिंगरू लहानपणापासून ढोलाजवळ वाढविता येईल. वरातीला नेणार नाही, आईचे सांगून ठेवतो, असे तो म्हणाला. आणि ३६,००० दिले. हेड्याच्या आकड्याहून बारा हजार अधिक, दुपारच्याहून सोळा हजार उणे. आम्ही मनात हिशेब केला. नातलगांचे चार हजार अंगावर राहत होते. थोरल्यांनी होकाराची मान हलविली. इसार नाही, बोटे नाहीत. सारे पैसे एकदम खाटेवर ठेवले गेले.

मग निराळीच अडचण उभी राहिली. दुसऱ्या दिवशी हरतालिका, तिसऱ्या दिवशी गणेशचतुर्थी. पांढुर्ण्याच्या चौकाचौकांत मंडप उभे राहत होते आणि ध्वनिक्षेपक तपासून पाहणे चालू होते. नदीपलीकडून तो आवाज ओसरीपर्यंत येत होता, आणि दर खेपेस घोडीचे कान वळत होते. टेंपो पुलापलीकडे उभा होता. भाचा बँडवाल्याबरोबर विचारविनिमय करू लागला. पूल नको, आणि बाजारपेठ तर नकोच. नदीच्या काठाकाठाने न्यावी व वरच्या अंगाला पाणी उथळ आहे तेथून उतरवावी, टेंपो पलीकडे वळवून आणावा असे ठरले. सकाळी घोडीकडे ढुंकूनही न पाहणारा तो मुलगा आत गेला आणि कापसाचे बोळे तेलात भिजवून घेऊन आला. दोन्ही कानांत ते घालताना घोडीने त्याला एकदाही झटकले नाही. वहिनींनी तिला गुळाचा खडा चारला, कपाळाला कुंकू लावले, गळ्यातले दावे सोडून आपल्या हातात घेतले आणि बँडवाल्याने आणलेला नवा दोर बांधला.

काठावरून उतरताना आम्ही बॅटरी धरली होती. पात्रात कालच्या दगडांचा खच. माणसालाही पाऊल ठेवणे कठीण, मग नालाच्या पायांना काय? भाचा पुढे वाकून दोन्ही हातांनी दगड बाजूला करीत वाट काढी, मागून मास्तर, मग घोडी, आणि तिच्या मानेशी तोंड लावून सारखा काही पुटपुटणारा बँडवाला. मध्यभागी, जेथे काल पळस रोवला होता तेथे, पाण्यात फांद्यांचा पाला अडकलेला होता. तिने तो हुंगला आणि ओलांडला. पलीकडच्या काठावर बँडवाल्याने प्रथमच आमच्याशी शब्द काढला. “बत्ती जरा खाली धरा जी फादर, तिच्या डोळ्यावर येते.” आम्ही बत्ती खाली धरली.

आमची परतीची गाडी दीड तास उशिरा आली. आम्ही परत सावरगावास गेलो तेव्हा वहिनींनी आम्हा दोघांस पिठलेभाकरी वाढली. निंबाखाली खुंटा मोकळा होता, आणि ओसरीच्या भिंतीवर देवाच्या तसबिरीशेजारच्या खिळ्यावर जुने दावे टांगलेले होते. थोरले झोपी गेले होते.